पांढरीची भिंत

भिंतीनं अप्पांना पहिल्यांदा उत्तर दिलं तेव्हा मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते, आणि भिंतीच्या माझ्या बाजूला मी सोडून कोणीच नव्हतं.

ओसरीवरून अप्पांनी बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. टक, टक. ही त्यांची रोजची संध्याकाळची सवय. आई जाऊन पावसाळा उलटला होता, तरी ती सुटली नव्हती. मी नेहमीसारखं न ऐकल्यासारखं करणार, तेवढ्यात समोरच्या भिंतीतून एकच आवाज आला. टक.

मी चाळणी हातात धरून उभी राहिले. ओट्याच्या पलीकडं, आई जिथं पाटावर बसायची तिथं अप्पांनी तिचं इरकली लुगडं खुंटीला टांगलं होतं. पाल नव्हती, उंदीर नव्हता. बाहेर अप्पा घसा खाकरून म्हणाले, "बरं, बरं." आईशी बोलताना म्हणायचे अगदी तसं.

मी मातीची शास्त्रज्ञ आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा आहे त्यांची मी आजवर मनसोक्त टर उडवली आहे. शिवाय ही भिंत मीच बांधलेली. तिच्यात काय काय घातलं आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि बसले.

आमची आलमवाडी लातूरकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात गावातल्या दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं मारली. माझे आजी-आजोबा त्यातच गेले. मी नंतर जन्मले, म्हणून आजीचं नाव मला आलं, महानंदा. गाव जुन्या जागेवरून उठलं, नव्या जागी सिमेंटच्या खोल्यांत राहायला आलं, आणि मातीची भिंत म्हटलं की लोक कानाला हात लावू लागले. पुढं ऊन असं काही चढलं की त्याच सिमेंटच्या खोल्यांच्या उन्हाळ्यात भट्ट्या होऊ लागल्या. वीज नेमकी दुपारी जायची. म्हातारी माणसं घरात बसल्या जागी उष्माघातानं जाऊ लागली. थंड राहायचं तर पुन्हा मातीच हवी होती, पण जमीन हलली तरी न पडणारी. आमची प्रयोगशाळा त्यासाठीच निघाली.

प्रयोगशाळेमागच्या माळावर आम्ही नाना तऱ्हांच्या भिंती उभ्या केल्या. साच्यात ओलसर माती धुमसानं ठोकून केलेल्या, कडब्याची कुट्टी कालवून गोळ्यांवर गोळे रचलेल्या, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या. मातीत ताग घालून पाहिला, चुना, गूळ, बाभळीचा डिंक, उडदाचं पाणी, जो जे सांगेल ते घातलं. मग भिंत यंत्राच्या हलत्या पाटावर चढवायची, भूकंपाचे धक्के द्यायचे आणि बघत बसायचं. काही दिमाखात पडल्या, काही लाजत लाजत पडल्या, पण एकजात सगळ्या पडल्या.

"तू मेलेल्या भिंती बांधतेस नंदा, म्हणून पडतात," मुबीना एकदा म्हणाली. मुबीना सय्यद उदगीरची, बुरशीशास्त्रातली डॉक्टर आणि माझी मैत्रीण. तिचं जेवणही बुरशीशेजारी बसूनच चालतं. "हाड बघ की. हाडाला जिथं रोज भार येतो तिथं ते जाड होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हाड झिजतं. तडा गेला तर आपला आपण सांधतं. तुझ्या भिंतीला हे का जमू नये?"

त्यातून जी भिंत निघाली तिला आम्ही कागदोपत्री अस्थिभिंत म्हणायचो. गाव तिला जित्ती भिंत म्हणतं, आणि तेच नाव बरोबर आहे. मातीत बुरशीचे केसाहून बारीक तंतू पसरलेले असतात. भिंतीवर कुठं दाब आला की तिथले तंतू ताणले जातात आणि त्या बाजूला जास्त वाढतात. त्यांच्याबरोबर एक जिवाणू राहतो. गोमूत्रातला युरिया आणि मातीतला चुना घेऊन तो तंतूंभोवती दगडासारखी कडक साल चढवतो. महिन्यातून एकदा ताक, गोमूत्र आणि गुळाच्या पाण्यानं भिंत सारवली की दोघांचं पोट भरतं. भार आला तिकडं भिंत माल वाहून नेते, जिथं कामच नाही तिथला काढून घेते. हलत्या पाटावर ही भिंत तडकली, थरथरली, आणि उभी राहिली. दोन आठवड्यांत तिचे तडे बुजले. त्या दिवशी मी आणि मुबीनानं प्रयोगशाळेत पेढे वाटले आणि थोडं रडूनही घेतलं.

पण अशा भिंतींच्या घरात राहून दाखवायला गावातलं कोणी पुढं येईना. शेवटी अप्पाच म्हणाले, "माझ्या लेकीची भिंत हाय. मी ऱ्हातो."

मातीही त्यांनीच सुचवली. आमच्याकडं शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षं एका जागी माणसं राहतात, चुली पेटतात, राख पडते, जुनी घरं कोसळून त्याच मातीत मिसळतात, त्यातून पांढरी बनते. घराला तीच लागते, कारण तिच्यात चुना मुबलक असतो आणि ती चिकट असते. जुन्या उजाड गावठाणात अशा पांढरीचे ढीग भूकंपापासून तसेच पडून होते. त्यांना कोणी शिवत नव्हतं. अप्पांनी आमच्याच पडक्या घराच्या जागेवरून ट्रॅक्टर भरून आणला.

"ज्या भिंतीनं मामंजींना गिळलं, तिचीच माती पुन्हा घरात आणायलाव व्हय?" आई म्हणाली होती.

"आपल्याच घरची माती हाय, परक्याची न्हाई," अप्पा म्हणाले.

मी ती माती तपासली आणि खूश झाले. चुना हवा तेवढा होता. पांढरी भाजली की तिचा चिकटपणा जातो, म्हणून आम्ही ती न भाजता, होती तशीच कालवली. वर सागाच्या तुळया टाकून मातीचं जाड माळवद घातलं. पहिल्याच उन्हाळ्यात त्या घरात बसलं की बाहेर वणवा आहे हे खरं वाटत नसे.

आता त्या वाजवण्याचं सांगते. अप्पा एसटीत कंडक्टर होते. लग्न झालं तेव्हा घरात आजोबांचा दरारा एवढा, की नवराबायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायचं म्हणजे निर्लज्जपणा. अप्पा ड्यूटीवरून आले की ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसायचे. आत आई त्याच भिंतीला पाठ टेकून निवडणं-टिपणं करायची. अप्पा डबल बेल मारायचे: आहेस का? आई एकदा वाजवायची: आहे. मग हळू आवाजात, भिंतीच्या कोपऱ्यातल्या दारातून ऐकू जाईल एवढंच, दोघांचं बोलणं चालायचं. आजोबा गेले, गाव बदललं, घर बदललं, पण सवय तीच राहिली. "समोर बसली की मला काही सुचतच न्हाई," अप्पा म्हणायचे. ऐन सत्तरीत हे दोघं पाठीला पाठ लावून भांडायचे आणि मी हसून हसून बेजार व्हायचे.

नव्या घरात भिंतीनं त्यांचं ऐकलं. वर्षभरात आईच्या बाजूला एक खोबण तयार झाली. तिची पाठ डावीकडं किंचित कलती असायची, तर खोबणही तशीच कलती. बाळंतिणीच्या पाठीमागं कोणी उशी सारावी तशी भिंत तिला दोन्ही बाजूंनी धरून बसायची. मी त्याचे फोटो परिषदेत दाखवले आणि टाळ्या मिळवल्या. आई म्हणाली, "तुझ्या बाला जे कधी कळलं न्हाई ते भिंतीला कळलं बघ."

शेवटच्या दुखण्यात मी तिची पाठ ओल्या फडक्यानं पुसत असताना तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. दोन आणि एक एवढंच नव्हतं. तीनदाही वाजवायचे. आजोबा शेतातून येताना तिला मागच्या दारातून दिसायचे. ती घाईनं तीनदा वाजवायची: मामंजी आले, उठा. अप्पा एका क्षणात चपला पायात सरकवून अंगणात. "असं पळायचे, जसं काय एसटी सुटायलीय," ती म्हणाली आणि हसता हसता तिला धाप लागली. भूकंपानंतर तीनदा वाजवायची वेळच आली नाही. कुणासाठी वाजवणार?

पोह्यांच्या त्या संध्याकाळनंतर मी मुबीनाला बोलावलं. तिनं भिंतीच्या दोन्ही बाजूंना संवेदक चिकटवले, अप्पांनी केलेला चहा पिऊन त्यांची तारीफ केली, आणि आठवडाभरानं येऊन आकडे बघितले.

"घाबरू नकोस, शास्त्र आहे," ती म्हणाली. "एका बिनमेंदूच्या बुरशीसारख्या जिवाला ठरावीक वेळानं थंड हवेचा झोत दिला, तर झोत यायच्या आधीच तो आखडून बसतो. झोत बंद केला तरी काही काळ त्या त्या वेळी आखडतो. वाट बघतो म्हण. तुझ्या भिंतीनं काही वर्षं हेच अनुभवलं. ओसरीकडून दोन ठोके, की स्वयंपाकघराकडून एक ठोका. आता पहिले दोन आले की तंतू उत्तराच्या ठोक्यासाठी तयार होतात, पाणी ओढतात, आखडतात, आणि त्यांच्यावरची चुन्याची साल तडकते. टक. थंडीत लाकडी कपाट वाजतं ना, तसंच."

"मग थांबेल?"

"उत्तरामागून आईंची पाठ येऊन टेकत नाही हे तिला कळलं की थांबेल."

मला इतकं हलकं वाटलं की मी मुबीनाला मिठीच मारली. तिनं मात्र कपाळावरची आठी सोडली नाही. "एक गोष्ट मला समजली नाही. भिंतीत आपली बुरशी आहेच, पण तिच्यात गुंतलेली दुसरीही एक आहे. आपण न घातलेली. तुमच्या पांढरीतली जुनी. भूकंपाच्या आधीपासून त्या मातीत दबून होती आणि मेली नव्हती. आपल्या बुरशीनं तिला उठवलं."

"तिचा काही त्रास?"

"माहीत नाही," मुबीना म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून मी क्वचितच ऐकले आहेत.

उत्तर थांबलं नाही. उलट ते लवकर येऊ लागलं. मी दर शनिवारी लातूरहून जायची, आणि प्रत्येक वेळी तो एक ठोका आधीपेक्षा स्पष्ट असायचा. अप्पांच्या चेहऱ्यावर टवटवी आली होती. दाढी रोज होऊ लागली. एका शनिवारी मी अंगणात पाय ठेवला तेव्हा ते भिंतीला पाठ लावून कुठल्याशा जुन्या प्रवाशाची गंमत सांगत होते, आणि मधेमधे थांबून आतून हुंकार यावा अशी वाट बघत होते.

त्याच दिवशी मी घराच्या भिंतींची जाडी मोजली. मोजणीचं यंत्र भिंतीवरून फिरवलं की आतली पोकळी पडद्यावर दिसते. ओसरीच्या कडेची भिंत, जिच्यावर तुळयांची टोकं टेकलेली होती, ती आतून पोखरून निघाली होती. बाहेरून सारवलेली, गुळगुळीत, आत वारूळ. मागची भिंत तशीच. बाजूची तशीच. सगळ्या घराचा माल वाहत वाहत मधल्या एका भिंतीकडं चालला होता. आणि वर माळवद होतं, कित्येक टन मातीचं.

माल जातोय कुठं हे बघायला मी स्वयंपाकघरात गेले. लुगडं खुंटीवरून सरळ खाली लोंबायचं. आता ते लोंबत नव्हतं. मधेच फुगलं होतं. मी ते बाजूला केलं.

खोबण नव्हती. खोबण होती तिथून एक पाठ बाहेर आली होती. दोन खांदे, मधली कण्याची पन्हळ, डावीकडं किंचित कल. मातीची, ओलसर, सारवणाच्या वासाची. भार येत नव्हता म्हणून ती जागा झिजून जायला हवी होती. ती झिजली नाही. तिनं आपल्याला हवा तो भार घडवून घेतला, आणि तो आपल्याच अंगावर टेकवून घेतला. मी हात लावला. ती कोमट होती. सडणाऱ्या ढिगाला ऊब असते हे मला माहीत आहे, मी ते विद्यार्थ्यांना शिकवते. तरीही मी हात मागं घेतला आणि नळाखाली कितीतरी वेळ धूत राहिले.

"तुम्ही हे बघितलंय?" मी ओसरीवर येऊन अप्पांना विचारलं.

"हां."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू पाडली असतीस."

मी त्यांना सगळं समजावलं. पोखरलेल्या भिंती पडद्यावर दाखवल्या, माझ्याबरोबर लातूरला चला म्हटलं. आजोबा कसे गेले याची आठवणही करून दिली, ती द्यायला नको होती, पण मी चिडले होते आणि घाबरलेही होते. ते शांतपणे ऐकत होते, तिकिटावरून कटकट करणाऱ्या प्रवाशाचं ऐकावं तसं.

"नंदे, मी काय येडा हाय का? ती न्हाई हे मला ठावं हाय. मीच नेलंय तिला खांद्यावरनं." त्यांनी हात मागं नेऊन भिंतीला टेकवला. "पण मी विचारलं की आतनं कुणीतरी हाय म्हणतंय. तुझ्या त्या लातूरच्या फ्लॅटात कोण म्हणंल?"

"मी म्हणेन की."

"तू फोनवर असतीस," अप्पा म्हणाले.

ते मला लागलं, कारण खरं होतं.

मुबीना म्हणाली, उचलून आण त्यांना, चार माणसं घे. मी तेही करून पाहिलं. शेजारच्या दोन दांडग्या गड्यांनी अप्पांना दंडाला धरलं, तर ते असे ओरडले की गड्यांनी हात सोडले आणि माझ्याकडं बघून मान हलवली. पोटच्या पोरीनं बापाला असं घराबाहेर काढावं हे त्यांना पटलं नाही. मलाही माझी लाज वाटली. आणि नेलं असतं तरी पहिल्या एसटीनं ते परत आले असते. त्यांना वेळापत्रक पाठ होतं.

राहिला तो एकच उपाय. चुन्याच्या तीव्र पाण्यात बुरशीही जगत नाही आणि जिवाणूही. मधल्या भिंतीला चुन्याचं पाणी पाजायचं. ती मेली की उत्तर बंद. उत्तर बंद झालं की अप्पा उठतील. बुरशी मेली तरी तंतू लगेच कुजत नाहीत, आठवडाभर तरी भिंत धरून ठेवतात, तेवढ्यात घर रिकामं करता येईल, असा माझा हिशेब. सावधगिरी म्हणून मी तुळयांखाली लोखंडी टेकू लावले. पण ते आतल्या खोल्यांतच लागले. ओसरीवर अप्पांनी लावू दिले नाहीत. "माझ्या बसायच्या जागी खांब नको," म्हणाले.

आणि एवढं करूनही ते उठले नाहीत तर? तर मी तीनदा वाजवणार होते. आईची खूण चोरून. विचार मनात आला तेव्हाच मला तो घाण वाटला, पण मी तो टाकला नाही.

ऊन कलल्यावर मी सुरुवात केली. अप्पा नेहमीच्या जागी ओसरीवर बसले होते. मी आत काय करते आहे हे त्यांना माहीत होतं. मी सकाळीच सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. ती उत्तर दील तवर मी हितं हाय."

मी कुंचल्यानं वरून पाणी सोडू लागले. माती ते घटाघटा प्यायली. खांद्यांवरून, पन्हळीतून ओघळ खाली उतरले. मग कुंचला पुरेना, काठावर नीट बसेना. मी तो टाकला आणि हातांनीच चोळू लागले. हातमोजे कट्ट्यावर राहिले होते. चुना हातांना चावत होता आणि मी त्या पाठीवरून हात फिरवत होते, वरून खाली, वरून खाली, दवाखान्यात फिरवायचे तसे. मी रडत होते, मोठ्यानं. तिथं कोण ऐकणार होतं? एक बाप, तोही आईच्याच बाजूचा.

टक, टक, बाहेरून आलं.

टक, माझ्या तळव्याखालून आलं. बारीक.

मी पाणी घालत राहिले. मातीचा रंग बदलत चालला, करडा, मग पांढरट. ऊब कमी झाली.

टक, टक.

या वेळी उत्तराला उशीर लागला. इतका, की मला वाटलं संपलं. मग तळव्याला काहीतरी जाणवलं, ऐकू आलं नाही.

टक, टक.

काही नाही.

टक, टक. जरा जोरात.

काही नाही. भिंत गार होती.

"निलावती?" अप्पा म्हणाले.

उभ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून आईचं नाव ऐकलं नव्हतं. अगं, ए, नंदाची आई, एवढंच. मी श्वास रोखून ऐकत होते. ते उठतील, आता उठतील. चपलांचा आवाज येत नव्हता. त्याऐवजी डोक्यावर काहीतरी करकरलं, आणि कोपऱ्यातल्या दारातून मला ओसरीच्या तुळईखाली मातीची बारीक धार गळताना दिसली. माझा हिशेब चुकला होता. आठवडा नाही, आत्ताच. भिंती आतून उरल्याच किती होत्या?

"अप्पा, उठा! बाहेर या!"

"बस गं. दमली आसंल ती. दील थोड्या येळानं."

धार जाड झाली. मी धावत ओसरीवर गेले असते तरी त्यांना ओढून काढायला मी पुरी पडले नसते, हे त्या गड्यांच्या वेळीच कळलं होतं. उरलं होतं ते एकच. मी उजवा हात उचलला, बोट दुमडलं. चुना ठिबकत होता. डावा तळवा अजून त्या पाठीवर होता.

टक, टक, टक.

माझं बोट भिंतीपासून वीतभर लांब होतं.

ठोके माझ्या डाव्या तळव्याखालून आले होते, आतून, मेलेल्या मातीतून. घाईचे. एकापाठोपाठ एक. या भिंतीला ते कोणी शिकवले नव्हते. ही भिंत उभी राहिली तेव्हा आजोबांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती, आणि आईनं त्यानंतर तीनदा कधी वाजवलं नव्हतं. जिला ते ठोके माहीत होते ती भिंत वेगळी. ती भूकंपात पडली होती. तिची माती मात्र अप्पांनी ट्रॅक्टरमध्ये भरून आणली होती.

"उठलो, उठलो," अप्पांचा आवाज आला. दबका, लगबगीचा, तरुण. चपला फरफटल्या, पायऱ्यांवर वाजल्या, अंगणात गेल्या.

मी मागच्या दारानं पळाले. मी घराला वळसा घालून पुढं येईपर्यंत ओसरीचं माळवद खाली आलं. आवाज मोठा झाला नाही, धप्प असा, आणि मग मातीचा लोट उठला. तुळया एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. अप्पांची बसायची जागा दिसतच नव्हती.

अप्पा अंगणाच्या मधोमध उभे होते. दोन्ही चपला पायात, हात पाठीमागं, मान खाली. घरात मोठं माणूस शिरताना मुलगा बाजूला होऊन उभा राहतो तसे. लोटातली पांढरी माती त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर बसत होती आणि ते ती झटकत नव्हते.

मी त्यांना घट्ट धरलं. माझे हात भाजून लाल झाले होते. शेजारपाजारची माणसं धावत येत होती.

"तीनदा वाजलं," अप्पा म्हणाले.

"मीच वाजवलं," मी म्हणाले. "आईनं मला सांगितलं होतं, तीन म्हणजे उठा."

मला ते खरं व्हायला हवं होतं. मुबीनाला मी तेच सांगितलं, अहवालातही तेच लिहिलं: वृद्धास परिचित संकेताद्वारे बाहेर काढण्यात आलं. लोकांना ते आवडलं.

अप्पांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, चुन्यानं सोललेली पेरं बघितली, आणि फुंकर घातली. लहानपणी भाजलं की घालायचे तशी.

"खोटं बोलू नको, नंदे," ते म्हणाले. "तू वाजवलं असतंस तर मी उठलो नसतो."